दोनशे पंचावन्न अक्षरं

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. म्हणाल्या, "तुमच्या नोकरीबद्दल लिहा ना अंकासाठी. पण सोपं लिहा हं, आमच्या वाचकांना कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही." मला हसूच आलं. ज्यांच्यासाठी मी आयुष्यभर काम केलं त्यांनाही कॉम्प्युटरमधलं फार कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मलाही नव्हतं. म्हणून लगेच हो म्हटलं आणि भेंडी गॅसवर टाकली.

दिल्लीत एका केंद्रीय खात्याच्या कॉम्प्युटर विभागात मी नोकरी केली. खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. काम काय, तर जुन्या फायली नव्यात नेणं. ऑफिसात, दवाखान्यात, दुकानात लोक नावांच्या, तारखांच्या, मालाच्या याद्या ठेवतात. टेबलावरच्या एका मशीनवर अशा याद्या ठेवणारा, हवी ती नोंद शोधून देणारा प्रोग्रॅम म्हणजे डेटाबेस. हा प्रोग्रॅम दर तीन-चार वर्षांनी नवं रूप घेऊन येतो. नव्याला आपल्या आधीच्या एक-दोन पिढ्यांची फाइल ओळखू येते. त्याहून जुनी दाखवली की तो सरळ हात वर करतो. सत्त्याण्णव सालच्या आवृत्तीत केलेली फाइल आजच्या लॅपटॉपवर उघडून बघा, "ही मागच्या आवृत्तीतली आहे, उघडता येत नाही" असं तोंडावर सांगतो. मग मधे कुणीतरी उभं राहून ती पायरी पायरीने वर आणावी लागते. ती मधे उभी राहणारी बाई मी.

दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना हे एका वाक्यात कळेल. टाइप दोनच्या क्वार्टरमधून टाइप तीनमध्ये सामान हलवणं. सामान तेच, माणसं तीच, पण नव्या घरात कपाट दारातून आत जात नाही, आणि पोहोचल्यावर कळतं की कुकर आलाय आणि शिट्टी मागेच राहिली. आम्ही तशी तीन क्वार्टर्स बदलली. प्रत्येक वेळी काहीतरी हरवलं आणि प्रत्येक वेळी आमचे हे म्हणाले की यादी मी केली होती.

गमतीजमती खूप. आमच्या एका सेक्शनमध्ये एक सक्सेनाजी होते. नव्या आवृत्तीत फाइल आणायचा आदेश निघाला, तर या गृहस्थांनी फाइलच्या नावाचं शेपूट तेवढं बदललं, जुनं पुसून नवं लिहिलं, आणि वर कळवलं, "कन्व्हर्जन का कार्य संपन्न." चाळीस फायलींचं एका दुपारी. फायली उघडेनात तेव्हा माझ्याकडे आले. मी म्हटलं, "सक्सेनाजी, नेमप्लेट बदलने से आप डायरेक्टर बन जाएँगे क्या?" ते गंभीरपणे म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ तो बन जाते हैं." चाळीस शेपटं परत सरळ केली आणि कामाला लागले.

रिटायर झाल्यावर करोल बागेतल्या एका सरदारजींच्या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानाचं काम केलं. त्यांच्या भाच्याने कधीकाळी बनवून दिलेला डेटाबेस, त्यात हजारो नट, बोल्ट, बेअरिंगा. तीन दिवस खपून सगळं नव्यात आणलं, एकेक बेअरिंग जागेवर. सरदारजींनी स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मैडम जी, सब उड़ गया!" काय उडालं? तर पडद्याचा पोपटी रंग. नव्यात तो राखाडी झाला होता. मी रंग पोपटी केला. लगेच माझ्यासाठी लस्सी आली आणि भाच्याला फोन गेला की सगळं सुखरूप आहे.

हसू नका. लोकांना आपली वस्तू ओळखीची दिसली की जीव भांड्यात पडतो. आणि माझा खरा गुन्हा असा, की मीसुद्धा तेच करत होते. वरवर ओळखीचं दिसलं की सही ठोकत होते. तेच सांगायचंय. बाकीचं सगळं त्याच्या आधीचं तोंडी लावणं समजा.

दिल्लीला लागून असलेल्या फरीदाबादला डॉक्टर खांडके म्हणून होते. मूळचे वाईचे, इकडे येऊन छोटंसं नर्सिंग होम काढलेलं. दिल्लीतल्या मराठी कुटुंबांत कुणाला काही झालं की बदरपूरची बस पकडून लोक तिकडे जायचे, कारण डॉक्टर मराठीत ऐकून घ्यायचे. आणि काय ऐकून घ्यायचे! पोट दुखतंय म्हणून गेलात की आधी गाव कुठलं, सासर कुठलं, मुलं कितवीत, सगळं विचारणार. तुम्हाला वाटेल गप्पा मारताहेत. पण ते सगळं त्यांच्या डेटाबेसमध्ये, शेऱ्याच्या रकान्यात, स्वतः टाइप करून ठेवायचे. आजाराचं मग शेवटी. मी एकदा म्हटलंही, "डॉक्टर, महत्त्वाचं आधी लिहावं." ते म्हणाले, "सुनंदाबाई, माणूस आधी येतो, आजार त्याच्या मागून."

त्यांनी नर्सिंग होमसाठी एका कंपनीकडून नवं सॉफ्टवेअर घेतलं, तेव्हा जुन्या नोंदी त्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. सरकारी नोकरीत खासगी काम करता येत नाही, म्हणून ते मी मैत्रीखातर, रविवारी, खांडके काकूंच्या हातच्या कांदेपोह्यांवर केलं. नवं सॉफ्टवेअर जुनी, सत्त्याण्णवच्या आवृत्तीतली फाइल थेट घेत नव्हतं. आधी ती एका साध्या तक्त्यात काढायची आणि तो तक्ता नव्याला भरवायचा. दोन रविवारांत झालं. मग ऑफिसची सवय! आमच्याकडे कुठलंही काम संपलं की आधीच्या नोंदी किती, नंतरच्या किती हे मोजून, "सर्व नोंदी जुळल्या" असा दाखला लिहून खाली सही करायची. कुणी मागितला नसताना मी डॉक्टरांना तसा दाखला दिला. आणि सांगितलं, "जुनी फाइल पुसू नका हं. सीडीवर काढून दिलीय, जपून ठेवा." डॉक्टर म्हणाले, "जुळलंय ना सगळं? मग कशाला?" मी म्हटलं, "मूळ ते मूळ." हा एक नियम तरी मी आयुष्यभर पाळला, देवाची कृपा.

पुढे डॉक्टर गेले. नर्सिंग होम काही वर्षं भाचेजावयाने चालवलं, मग तेही बंद झालं आणि कॉम्प्युटर भंगारात गेले. आम्हीही रिटायर होऊन फरीदाबादलाच फ्लॅट घेतला.

गेल्या वर्षी होळीनंतर सोनवणे भाऊजींचा फोन आला. सोनवणे म्हणजे आर. के. पुरमला आमच्या समोरच्या ब्लॉकमधले, आता दिल्लीतल्याच द्वारका भागात राहतात. त्यांची बायको मंगलाताई. या बाईने मला दिल्लीत आल्यावर भाजी कुठे घ्यायची इथपासून सगळं शिकवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मंगलाला पित्ताशयाचा त्रास आहे. दोनदा ॲडमिट केलं. डॉक्टर म्हणतात काढायलाच पाहिजे, थांबण्यात अर्थ नाही. आणि ही भूल घ्यायला तयार नाही. म्हणते, मेले तरी चालेल, पण टेबलावर नाही मरायचं."

गोष्ट मला अर्धवट माहीत होती. वीसेक वर्षांपूर्वी खांडके डॉक्टरांकडेच मंगलाताईंचं एक छोटं ऑपरेशन ठरलं होतं. भाऊजी टूरवर होते. ऑपरेशनच्या आधीच त्यांना काहीतरी झालं, श्वास अडकला, ऑपरेशन रद्द करून त्यांना कसंबसं वाचवलं. घरी दिलेला कागद क्वार्टर बदलताना हरवला, आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं त्या धास्तीत मंगलाताईंच्या डोक्यात राहिलं नाही. मला माहीत नव्हतं ते पुढचं. नऊ वर्षांपूर्वी गुडघे बदलायची वेळ आली तेव्हा डॉक्टर हयात नव्हते, म्हणून त्यांनी नर्सिंग होममधून जुनी नोंद छापून आणली होती. तीत इंजेक्शननंतर श्वास अडकल्याचं वाचून त्यांनी ते इंजेक्शन भुलीचंच धरलं आणि त्यांची खात्री पटली की भूल आपल्याला मारणार. गुडघे राहिले तसेच. बाई नऊ वर्षं काठी घेऊन घरात बसल्या. मेट्रोचा जिना नको, बाजार नको, धाकट्या मुलीच्या घरी जायचं तर तीन मजले, ते नको. भाऊजी चिडून म्हणायचे, "घाबरट आहेस तू." हे ते माझ्यादेखतही म्हणालेत, आणि मीही हसले आहे.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "इथल्या भूलतज्ज्ञ मॅडम म्हणतात, नेमकं कुठल्या औषधाने झालं ते कळलं तर रस्ता काढता येईल. तुम्ही त्या डॉक्टरांचं कॉम्प्युटरचं काम करायचात ना? तो कागद पाठवतो, बघा काही कळतं का."

फोनवर फोटो आला. मजकूर इंग्रजीत होता, मी मराठीत सांगते. 'गाव संगमनेर. नवरा सरकारी नोकरीत, टूरवर. दोन मुली, थोरली नववीत. बोलकी, मोकळी. घरचं लोणचं घेऊन आली. सकाळी वॉर्डात इंजेक्शननंतर पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, रक्तदाब खाली, श्वास अडकला. तातडीचे उपचार. सावरली. कारण'.

कारण, आणि पुढे कोरा कागद.

शेरा असा वाक्यात तुटत नसतो. डॉक्टर तर मुळीच तोडणारे नव्हते. लोणच्याची नोंद करणारा माणूस कारण लिहायला विसरेल? मी फोटो मोठा केला, पेन्सिल घेतली आणि इंग्रजी अक्षरं मोजायला बसले, मधल्या मोकळ्या जागा धरून. पहिल्यांदा दोनशे त्रेपन्न आली. पुन्हा मोजली. दोनशे पंचावन्न.

आमच्या धंद्यातल्या कुणालाही हा आकडा सांगा, तो कपाळावर हात मारेल. जुन्या डेटाबेसमध्ये शेऱ्याचा रकाना पानभर लांब असू शकायचा. पण तो साध्या तक्त्यात काढताना, नीट सांगितलं नाही तर, प्रत्येक शेऱ्याची पहिली दोनशे पंचावन्न अक्षरं जायची आणि पुढचं गुपचूप गळायचं. ना घंटी, ना सूचना. नोंदी मोजाल तर सगळ्या हजर. मी नोंदी मोजल्या होत्या. एकही शेरा शेवटपर्यंत वाचला नव्हता. आणि खाली सही केली होती.

"अहो, हे मी केलंय," मी आमच्या ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, "आधी ती सीडी शोध. रडायचं ते नंतर रड." त्यांचं मी सहसा ऐकत नाही, त्या दिवशी ऐकलं.

खांडके काकू तिथेच, बंद नर्सिंग होमच्या वरच्या मजल्यावर राहतात. रिक्षा करून गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आठवून आठवून कपाटातून एक मिठाईचा डबा काढला. त्यात डॉक्टरांचा चष्मा, घड्याळ, आणि एक खाकी लिफाफा. लिफाफ्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 'सुनंदाबाईंनी जपायला सांगितलेलं'. आत सीडी होती, आणि तिच्याभोवती घडी घातलेला माझा दाखला. सर्व नोंदी जुळल्या. खाली माझी सही, चांगली लफ्फेदार. मला इतकी लाज वाटली की मी तो कागद पर्समध्ये कोंबला. काकू म्हणाल्या, "अगं, चालेल ना ती? इतकी वर्षं डब्यात पडून आहे." मी म्हटलं, "चालायलाच पाहिजे."

माझ्याकडे दिवाणाखाली एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. त्यावर दोन हजार तीनची आवृत्ती आहे, जी सत्त्याण्णवचं बोलणं समजते. मुलगा दर दिवाळीच्या साफसफाईत म्हणतो, "आई, यार, ये कबाड़ निकालो ना." मी दर वर्षी भांडून ठेवून घेते. त्या दुपारी म्हातारीला बाहेर ओढली, फडक्याने पुसली, सुरू केली. सीडी घातली. घर्र घर्र घर्र. मग शांत. मग पुन्हा घर्र घर्र. फाइल उतरवताना किती उतरली ते दाखवणारी पट्टी निम्म्यावर जाऊन थांबली आणि थांबलीच. मी खुर्चीत बसून, लाज न बाळगता, मशीनला म्हणत होते, "चल गं बाई, चल, तुझ्या पाया पडते." आमचे हे चहा घेऊन दारात उभे राहिले, आत यायची त्यांची हिंमत झाली नाही. सीडी काढली, साबणाच्या पाण्याने धुतली, मऊ कापडाने आतून बाहेर पुसली, परत घातली. या वेळी पट्टी हळूहळू सरकत शेवटाला टेकली.

फाइलची आधी नक्कल केली, मग नक्कल उघडली. प्रोग्रॅमने विचारलं, "बदलून उघडू, की आहे तशीच?" आयुष्यभर मी "बदलून" म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं, आहे तशीच, बाबा.

सोनवणे, मंगला. सापडली. शेऱ्याच्या चौकटीत मजकूर भरला होता, कोपऱ्यात खाली जायचा बाण दिसत होता, म्हणजे अजून आहे. 'कारण' आलं, आणि पुढे चालू राहिलं. 'कारण ऑपरेशनपूर्वी दिलेलं अँटिबायोटिक', मग त्याचं नाव ठळक मोठ्या अक्षरांत, 'पुन्हा कधीही देऊ नये. भूल अजून दिलेलीच नव्हती. पुढे ऑपरेशन लागल्यास भूल द्यायला हरकत नाही.' त्याच्याखाली आणखी दोन ओळी होत्या. मी सगळं वाचलं आणि पदर तोंडाला लावून रडले. बाईला भूल दिलेलीच नव्हती! नऊ वर्षं ती एका अशा गोष्टीला घाबरली जी तिला कधी शिवलीच नव्हती, आणि ते माझ्या दोन रविवारांमुळे.

मी पाठवलेली ती नोंद भाऊजींनी भूलतज्ज्ञ मॅडमना दाखवली. त्या पंजाबी, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "बस, यही चाहिए था. ये दवा नहीं देंगे, और बहुत हैं. एनेस्थीसिया का तो इसमें कोई कसूर ही नहीं." आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली.

दुसऱ्या दिवशी मी द्वारकेला गेले. भाऊजींनी मंगलाताईंना तारीख सांगितली होती, बाकीचं मीच सांगणार म्हणून ठेवलं होतं. छापलेला कागद आणि तो दाखला, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. काय झालं, कसं झालं, कुणी केलं, सगळं सांगितलं. मंगलाताई कितीतरी वेळ दाखल्यावरची सही बघत बसल्या. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "धाकटीच्या मुलाचं बारसं मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं गं."

"हो," मी म्हटलं. माफी मागितली, ती त्यांनी ऐकली, पण घेतली की नाही ते कळू दिलं नाही. छापलेला कागद मात्र घडी घालून उशीखाली ठेवला. मी निघताना म्हणाल्या, "ऑपरेशनच्या दिवशी ये. माझी यादी जुळतेय का बघायला." मी खाली येऊन रिक्षात बसेपर्यंत धीर धरला.

ऑपरेशन झालं. तासाभरात झालं. बाहेर बाकावर मी, भाऊजी आणि धाकटी. दार उघडून मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "सब ठीक है, होश में आ रही हैं." धाकटीने मला मिठीच मारली. भाऊजी तर त्या मॅडमना वाकून नमस्कार करायला निघाले होते, त्यांनी दोन्ही हातांनी अडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर मंगलाताई उशीला टेकून बसलेल्या, चहा हवा म्हणून सिस्टरशी हुज्जत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आता गुडघे. दोन्ही. तारीख काढायला सांगितलीय यांना."

"एकेक करा हो," मी म्हटलं.

"नऊ वर्षांचं राहिलंय. तू बोलू नकोस." मग हात लांब करून त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला एवढं पुरे होतं.

मग त्यांनी मला पिशवीतून तो छापलेला कागद काढायला लावला आणि भाऊजींच्या हातात दिला. "तुम्ही औषधाचं नाव बघून ठेवून दिलात. खालच्या दोन ओळी वाचल्यात?"

भाऊजींनी चष्मा लावला. मनातल्या मनात वाचायला लागले. "असं नाही," मंगलाताई म्हणाल्या, "आम्हाला ऐकू येईल असं. मराठीत."

ते थांबत थांबत वाचू लागले. "पेशंट अतिशय धीराची. श्वास अडकलेला असतानाही सिस्टरला खुणेने सांगत होती, मुलींना फोन करू नका..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "...मुलींना फोन करू नका, त्या घाबरतील."

बाहेरून चहाच्या ट्रॉलीचा आवाज आला.

"पुन्हा वाचा," मंगलाताई म्हणाल्या. "जरा मोठ्याने."